राज्य कुणावर?

बालपणीच्या खेळांवर लिहू लागले की मराठी लेखकाचा स्वर हमखास ओला होतो. सूरपारंब्यांचा वड, सुटीतली धूळ, दिवेलागणीला आईची हाक ही सामग्री इतकी तयार असते की लेखकाला फारसे काही करावे लागत नाही. शेवटी 'आजची मुले मात्र मोबाइलमध्ये डोके खुपसून बसली आहेत' एवढे वाक्य टाकले की निबंध पुरा होतो. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. असे निबंध दर वर्षी ढिगाने तपासतो. त्यातली गंमत अशी की अठरा-एकोणीस वर्षांची मुले ज्या खेळांसाठी गळा काढतात, ते त्यांतल्या बहुतेकांनी कधी खेळलेलेच नसतात. ही हळहळ पाठ्यपुस्तकातून उसनी आणलेली असते. म्हणून या विषयावर लिहायचे तर हळहळ थोडी बाजूला सारावी, आणि त्या खेळांत नेमके काय होते, त्यातले काय गेले, याचा हिशेब मांडून पाहावा, असे आमच्या मनात आले.

आमच्यापैकी एकीचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका लहानशा खेड्यात गेले. दुसऱ्याचे मुंबईत, लालबाग-परळच्या एका चाळीत. काळ साधारण एकच, १९८५ ते १९९५ या दशकातला. एकीचे मैदान म्हणजे शाळेमागचा उघडा माळ, तर दुसऱ्याचे दोन चाळींच्या मधली चिंचोळी गल्ली. १९८२ च्या गिरणी संपानंतरचे ते दिवस. काम गेलेली मोठी माणसे भर दुपारी गॅलरीच्या कठड्याला रेलून उभी असत आणि खाली चाललेला खेळ बघत. प्रेक्षक भरपूर होते, पण पंच कोणीच नव्हते. या मुद्द्याकडे पुढे यायचे आहे. तत्पूर्वी एवढे सांगून टाकू की तो काळही काही निर्भेळ मैदानी नव्हता. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'महाभारत' लागले की माळ आणि गल्ली दोन्ही ओस पडत. पडद्याने मुलांना मैदानातून उचलून नेण्याची सुरुवात आमच्याच पिढीत झालेली आहे.

एकाच महाविद्यालयात रुजू झाल्यावर आम्ही या खेळांविषयी प्रथम बोललो, तेव्हा वादच झाला. एकाची लगोरी, तर दुसरीचा लिंगोरचा. एकाची धपाधपी, दुसरीची आबाधुबी. विटीदांडूचा माणदेशात इटीदांडू झालेला. नावांवरून गाडी नियमांवर गेली. लगोरी रचून झाल्यावर तिच्याभोवती पाय फिरवायचा की नुसते ओरडायचे? चेंडू भिंतीवर आपटून अंगाला लागला तर गडी बाद की नाही? मध्येच आमच्या लक्षात आले की आपण जे करतो आहोत त्याला आपल्या शास्त्रात पाठभेदांची चर्चा म्हणतात. या खेळांना कर्ता नव्हता, लेखी संहिता नव्हती, आणि म्हणून शुद्ध पाठही नव्हता. ओवीप्रमाणे किंवा लोककथेप्रमाणे ते तोंडातोंडी आले आणि प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत थोडे बदलून स्थिरावले. विटीदांडूत दांडूने अंतर मोजताना पोरे 'वकट, लेंड, मुंड, नाल' असे म्हणत. आम्हांला ते निरर्थक शब्द वाटत. पुढे भाषाविज्ञान शिकताना तेलुगूतील 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' ही संख्यानामे भेटली आणि मोठी गंमत वाटली. ज्यांनी तेलुगू कधी ऐकली नव्हती अशी माणदेशी पोरे दांडू हातात घेऊन तेलुगू आकडे मोजत होती. हे शब्द कोणत्याही शाळेने शिकवले नाहीत. मोठ्या मुलाने लहान मुलाला दिले, एवढ्याच वाटेने ते आमच्यापर्यंत पोहोचले.

ही वाट आता मोडली आहे, याचा प्रत्यय आम्हांला वर्गात येतो. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, फुगडी, टिपरी, हमामा अशा खेळांवरचे अभंग आहेत. त्या अभंगांचे रूपक समोरच्या श्रोत्याला तो खेळ ठाऊक आहे या भरवशावर उभे राहते. खेळाचा अनुभव हाच रूपकाचा पाया. त्यावर परमार्थाचा अर्थ रचायचा. आज एम. ए. च्या वर्गात आधी खेळ समजावून द्यावा लागतो, फळ्यावर आकृती काढावी लागते, आणि तोवर अभंगातला वेग निघून जातो. जे तुकोबांना तळटीप न देता सांगता आले, ते आम्हांला तळटिपेतच सांगावे लागते. उलट बाजूने, खेळ संपले तरी त्यांचे शब्द वर्तमानपत्रात तगून आहेत. कुंपणावर बसलेल्या पुढाऱ्याचे 'तळ्यात-मळ्यात' चालू असते, विजेचा 'लपंडाव' होतो, एक खाते दुसऱ्या खात्याला 'खो' घालते. आमच्या एका विद्यार्थिनीला 'तळ्यात-मळ्यात' हा पक्षांतराच्या संदर्भातला शब्दप्रयोग आहे एवढेच माहीत होते. एका रेषेच्या दोन बाजूंना उड्या मारणारी, चुकले की बाद होणारी मुले त्या शब्दातून कधीच निघून गेली होती.

या शब्दांत आम्हांला सर्वांत विलक्षण वाटतो तो 'राज्य' हा शब्द. मराठी मुलांच्या खेळात ज्याला इतरांना शोधायचे किंवा पकडायचे असते, त्याच्यावर 'राज्य' येते. मोठ्यांच्या जगात राज्यासाठी भाऊबंदकी होते. इथे ते कोणालाच नको असते. राज्य 'येते' तेही भूत अंगात यावे तसे, आणि ते दुसऱ्यावर 'जाईपर्यंत' सुटका नसते. ज्याच्यावर राज्य असेल तो एकटा, बाकी सारे त्याच्या विरुद्ध. डोळे मिटून भिंतीला कपाळ टेकवून आकडे मोजणारा तो राजा सगळ्या खेळात सर्वांत केविलवाणा. ज्या कोणा पोरांनी हा शब्द प्रथम असा वापरला, त्यांची सत्तेविषयीची समज पुष्कळांपेक्षा पक्की होती, असे आमचे मत आहे.

राज्य कोणावर, हे ठरवण्यासाठी चकायचे. हात एकदम पुढे करायचे, कोणाचे तळवे उताणे, कोणाचे पालथे. जो वेगळा निघेल तो सुटला. शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. संघ पाडायचे असतील तर आणखी सुंदर युक्ती होती. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले गळ्यात हात घालून बाजूला जात, आपापसांत गुपचूप नावे ठरवत, एक हत्ती तर एक घोडा, आणि परत येऊन दोन्ही कप्तानांपुढे उभी राहत. कप्तानाने नाव मागायचे. ज्याचे नाव निघेल तो भिडू त्याचा. तोलामोलाची जोडी आणि नशिबाची निवड, दोन्ही एका कृतीत साधलेली. यात 'शेवटी उरलेला' म्हणून कोणाला मान खाली घालून उभे राहावे लागत नसे. आम्ही पुढे निवड समित्या पाहिल्या, त्यांवर कामही केले. इतकी निर्मळ पद्धत पुन्हा आढळली नाही.

आणि मग लिंबूटिंबू. कोणाचा तरी धाकटा भाऊ, कोणाची शेंबडी बहीण, ज्याला घरी ठेवता येत नाही आणि खेळताही येत नाही, तो लिंबूटिंबू. त्याने धावायचे, लपायचे, ओरडायचे. पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. दुबळ्याला खेळाबाहेर न काढता, त्याच्यासाठी अख्खा खेळ न थांबवता, त्याला आत ठेवण्याची ही तरतूद आठ-दहा वर्षांच्या पोरांनी केलेली होती. तीत थोडी टिंगल होती हे खरे. पण दोन उन्हाळे असे काढल्यावर तोच लिंबूटिंबू एक दिवस 'आता माझ्यावर पण राज्य पाहिजे' म्हणून भांडे, आणि त्याचे मोठे होणे त्या दिवशी मान्य होई.

चालू खेळ थांबवायचा तर 'टॅम्प्लीस' म्हणायचे. 'टाइम प्लीज'चे हे चाळकरी रूप. पायात काटा मोडला, चड्डीची नाडी सुटली, आईने हाक मारली की एक शब्द उच्चारायचा आणि त्या शब्दाभोवती कवच तयार होई. शत्रूचा हात अंगावर पडत नसे. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने इंग्लंड-स्कॉटलंडातल्या शाळकरी मुलांचे वाङ्मय गोळा करून १९५९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात अशा युद्धविरामाच्या शब्दांचे मोठे संकलन आहे: कुठे 'बार्ले', कुठे 'फेनाइट्स', कुठे 'किंग्ज'. प्रत्येक प्रदेशाचा शब्द वेगळा, काम तेच. परळच्या गल्लीतले 'टॅम्प्लीस' याच कुळातले. शब्दाने कृती घडते हे भाषेचे तत्त्वज्ञान आम्ही पुढे पदव्युत्तर वर्गात वाचले. त्याचे प्रात्यक्षिक आधीच झालेले होते.

आता पंच नसण्याचा मुद्दा. आमच्या आठवणींत खेळाइतकीच जागा भांडणाने व्यापलेली आहे. अर्धा तास खेळ असेल तर पंधरा मिनिटे वाद. लागला की नाही लागला, शिवला की नाही शिवला, पाय रेषेबाहेर होता की आत. गॅलरीतली मोठी माणसे वरून सारे पाहत असत, पण त्यांच्याकडे न्याय मागायला जाणे हे कमीपणाचे लक्षण होते. जो जाई तो 'रडी' ठरे. मग साक्षी व्हायच्या, शपथा व्हायच्या, मागच्या आठवड्यातला दाखला काढला जाई, आणि कशानेच भागले नाही तर तो डाव रद्द करून पुन्हा. नियमही असेच जन्मत. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर फलंदाज बाद आणि चेंडू आणायलाही त्यानेच जायचे. हा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता. एका फुटलेल्या काचेतून तो निघाला होता.

माळावरच्या विटीदांडूत मोठ्या मुलांच्या डावात अंतर मोजण्याऐवजी ते मागण्याची रीत होती. विटी किती लांब गेली याचा अंदाज बांधून मारणाऱ्याने अमुक इतके दांडू मागायचे. समोरच्यांना पटले तर दिले, नाहीतर 'मोजून घे'. मोजल्यावर मागणी जास्त निघाली तर गडी बाद. कमी मागितले तर नुकसान त्याचेच. आपले माप आपणच सांगायचे, अतिलोभ करायचा नाही, आणि समोरच्याच्या बोलण्यावर कितपत विश्वास ठेवायचा हेही त्याच क्षणी ठरवायचे. इतके सगळे शिक्षण त्या एका प्रश्नोत्तरात सामावलेले होते.

ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीवरील १९३२ च्या ग्रंथात सुरुवातीलाच गोट्यांचा खेळ घेतला आहे. स्विस मुलांना त्याने विचारले: हे नियम कोठून आले? ते बदलता येतील का? लहान मुलांना नियम अनादी वाटत; वडीलधाऱ्यांनी, क्वचित देवाने घालून दिलेले, म्हणून अढळ. दहा-अकरा वर्षांच्या पुढची मुले मात्र सांगत, की सर्वांना मान्य असेल तर नियम बदलता येतो. या दोन उत्तरांमधला प्रवास शिक्षकाने करून दिलेला नव्हता. बरोबरीच्या मुलांशी खेळता खेळता, भांडता भांडता तो झाला होता. आमच्या मते त्या मैदानाची खरी देणगी हीच. मोकळी हवा, व्यायाम, सांघिक भावना हे सारे अन्य मार्गांनीही मिळू शकते. नियम माणसांनी केलेला असतो आणि म्हणून माणसांना तो बदलता येतो, हे मात्र ज्याने एकदा तरी नियम केला आहे त्यालाच आतून कळते.

इथवर लिहून थांबलो असतो तर हाही एक ओला निबंध झाला असता. म्हणून माळावरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पकडापकडीच्या खेळाला आमच्या गावात 'शिवाशिवी' म्हणत. ज्याच्यावर राज्य त्याने कोणाला तरी शिवायचे. त्यात सर्वांत चपळ होता तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा. तो कोणाच्या हाती लागत नसे आणि त्याच्या हातून कोणी सुटत नसे. खेळ चालू असेपर्यंत त्याला शिवण्यासाठी सगळा माळ धावे. खेळ संपून तहान लागली की सगळी पोरे जवळच्या घरी पाणी प्यायला जात. तिथे इतरांच्या हाती तांब्या येई. त्याला अंगणात ओंजळ धरावी लागे आणि वरून पाणी ओतले जाई. खेळातली शिवाशिवी आणि ओसरीवरची शिवाशिव, दोन्ही एकाच धातूपासून आलेले शब्द, एका हाकेच्या अंतरावर नांदत होते. मैदानापुरते कायदे करणाऱ्या आमच्या संसदेचा अंमल माळाच्या बांधाशी संपत होता.

मुलींचा माळही लवकर संपे. आमच्यापैकी जी या गावची, तिचे राज्य घेणे सातवीच्या सुटीत बंद झाले. कोणी रागावले नाही, कोणी नियम सांगितला नाही. 'आता पुरे' एवढेच दोन शब्द. त्यानंतर सागरगोटे, काचापाणी, चल्लस असे बसून खेळायचे खेळ, आणि नागपंचमीला फेर, झिम्मा, फुगडी. तिच्याबरोबरच्या मुलांचा विटीदांडू त्यापुढेही तीन-चार वर्षे चालू होता, आणि त्याचा आवाज चुलीपर्यंत येत असे. ज्यांना मैदानाच्या आठवणी दीर्घ आणि गोड आहेत ते लेखक बहुतेक पुरुष का, याचे उत्तर इथे असावे.

मात्र गेलेल्या गोष्टींसाठी रडताना आलेल्या गोष्टींचीही नोंद घ्यावी लागते. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम लेखी केले. मौखिक परंपरेतला खेळ संहिताबद्ध झाला. पाठभेद गेले, पण गावोगावच्या खेळाडूंना एकमेकांशी भिडण्याची सोय झाली. कबड्डीने १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत प्रवेश केला, आणि २०१४ पासून तिच्या व्यावसायिक स्पर्धा दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष व महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे भारताने जिंकली, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. सातवीत 'आता पुरे' ऐकलेल्या बाईला त्या महिला संघाकडे पाहताना काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको. लेखी नियम आणि अधिकृत पंच यांनी जे दिले, ते माळावरच्या तोंडी कायद्याने तिला दिले नव्हते.

मग आजच्या खेळांत उणे काय आहे? मुले एकलकोंडी झाली, हे आरोपपत्र आम्हांला पुरते पटत नाही. कानाला हेडफोन लावून चौघे मिळून एखादी लढाई खेळतात तेव्हा त्यांच्यात संवाद असतो, डावपेच असतात, मैत्रीही असते. काही खेळांत तर मुले अख्खी नगरे उभारतात. उणीव आहे ती भांडणाची. पडद्यावरचा नियम सॉफ्टवेअरमध्ये गोठलेला असतो. गोळी लागली की नाही याबद्दल यंत्राशी वाद घालता येत नाही, साक्षीदार उभा करता येत नाही, डाव रद्द करून पुन्हा खेळू असे म्हणता येत नाही. टर्फवर ताशी भाडे भरून खेळायला गेलेल्या मुलांकडे भांडायला वेळ नसतो, आणि क्रिकेटच्या शिबिरात प्रशिक्षकाचा शब्द शेवटचा. सगळीकडे नियम आधीच तयार आहेत, चोख आहेत, पुष्कळदा आमच्या नियमांपेक्षा न्याय्यही आहेत. मात्र खेळणाऱ्याने त्यांतला एकही केलेला नाही. पियाजेच्या त्या लहान मुलांसारखे नियम पुन्हा वरून आलेले आणि अढळ झाले आहेत.

गेल्या वर्षी पदवीच्या द्वितीय वर्षाला आम्ही एक स्वाध्याय दिला. आपल्या घरातल्या, शेजारातल्या तीन पिढ्यांना विचारून खेळांतले शब्द गोळा करायचे. आजी-आजोबांकडून पुष्कळ आले. मुलांनी स्वतःच्या पिढीचे म्हणून जे शब्द आणले त्यांत 'नूब' होता. नवख्या, अडाणी खेळाडूला उद्देशून तो वापरतात. आम्ही फळ्यावर एका बाजूला 'लिंबूटिंबू' आणि दुसऱ्या बाजूला 'नूब' लिहिले आणि फरक विचारला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, नूबला बाहेर काढतात. लिंबूटिंबूला आत घेतात." दोन पिढ्यांचा फरक सांगण्यासाठी आम्ही तयार केलेली टिपणे त्यानंतर वाचून दाखवण्यात अर्थ उरला नाही.

पुढचा भाग अनपेक्षित होता. कोल्हापूरकडच्या एका मुलीने सांगितले, की त्यांच्या गल्लीत लिंबूटिंबू बाद होत नसला तरी तो दुसऱ्याला बाद करू शकतो. नाशिकच्या मुलाने हरकत घेतली: ज्याला शिक्षा नाही त्याला अधिकारही नाही. कोणीतरी मुलीची बाजू घेतली, कोणीतरी आपल्या काकांचा दाखला दिला, आवाज चढले, आणि काही जणांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही दोघांनीही काही सांगितले नाही. तास संपला तेव्हा निर्णय झालेला नव्हता, आणि मुले वाद घालतच जिना उतरून गेली.